दातांच्या दोन खाचा

दशरथ परबांच्या सॅक्सोफोनच्या माउथपीसवर दोन खाचा होत्या. फुंकताना वरचे दोन दात जिथे टेकतात, नेमक्या तिथे. बेचाळीस वर्षांत दातांनीच त्या कोरल्या होत्या. एक दात तिरका, दुसरा हलणारा; पण खाचेत बसले की दोघेही ठाम.

गिरणीकामगाराचा हा मुलगा आधी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. वाकोल्याच्या एका गोवेकर मास्तरांनी त्याच्या हाती सॅक्सोफोन दिला आणि जॅझचं वेड लावलं. पुढे हॉटेलांत वाजवलं, अंधेरीच्या स्टुडिओंत रेकॉर्डिंग केली. की-बोर्ड आले तशी बोलावणी आटली. मग पुन्हा वराती. इतक्या वर्षांत त्यांचं नाव कुठेच छापून आलं नाही. ‘आणि साथीदार’ या दोन शब्दांतच ते मावले.

एकाहत्तराव्या वर्षी अंधेरीच्या एका क्लबमधून मिहिर नावाच्या तरुण मालकाचा फोन आला. जुन्या रेकॉर्डिंगमधला त्यांचा तुकडा ऐकून त्याने नंबर शोधला होता.

“मार्चचे तीन शनिवार, काका. पोस्टरवर फक्त ‘दशरथ परब, सॅक्सोफोन’. एक हसरा फोटो पाठवा ना.”

घाटकोपरच्या घरात फोटो निघाला. मोबाइल बघून रुक्मिणीने नाक मुरडलं. “अवो, ह्ये दात घेऊन पोस्टरवर जातलात? लोक म्हणतले, बायको भात घालता काय खडी?”

दशरथ हसले, पण आरशापुढे रेंगाळलेही. जन्मात पहिल्यांदा आपला चेहरा लोक पोस्टरवर बघणार होते. डॉक्टरांनी वरचे चार दात काढले, कवळी बसवली. सॅक्सोफोनचा विषय तिथे कुणी काढलाच नाही, दशरथांनीसुद्धा नाही. नवा फोटो झकास आला.

मग त्यांनी वाद्य ओठांना लावलं. कवळी सरकली. बाजूने हवा फसकन सुटली आणि सूर फाटला. खाचा जागेवर होत्या, त्यांत बसणारे दात नव्हते.

“सवय व्हायला सहा महिने लागतील,” डॉक्टर म्हणाले. पहिला शनिवार अठरा दिवसांवर होता.

रुक्मिणी बाजारात गेली की ते दार लावून बसत. खाचांवर रबराचा तुकडा लावून पाहिला, कवळी काढून हिरड्यांनी पाहिलं. मास्तरांनी शिकवलेला रोजचा पहिला लांब सूरही धड लागेना. गुरुवारी त्यांनी मिहिरला फोन केला.

“काका, पोस्टर लागलंय!”

“दम लागतो रे आता. दुसरं कुणी बघ.”

फोन ठेवून वळले, तर दारात रुक्मिणी. हातात भाजीची पिशवी तशीच.

“दम कधीपासून लागाक लागलो तुमका?”

“वय झालं गं.”

“सकाळी दळण घेऊन तीन जिने चढलात. तेव्हा नाय लागलो?”

दशरथांनी पिशवी घ्यायला हात पुढे केला.

“दात मी काढाक लावलंय.”

“तुझा काय संबंध? छातीचं आहे.”

तिने पिशवी खाली ठेवली. माउथपीस उचलून त्या दोन खाचांवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

“ते दात डॉक्टरान ठेवले आसतीत काय ओ?”

दशरथांनी तिच्या हातातून माउथपीस घेतला, नेहमीसारखा फडक्याने पुसला आणि पेटीत ठेवून दिला.