घासलेटच्या डब्याशेजारी माझी पाटी

ये गं बाये, सरक जवळ. इतक्या महिन्यांनी तोंड दाखवलंस, आणि आल्या आल्या कौतुक कसलं, तर नवी गाडी ॲव्हरेज चांगलं देते म्हणून रोज उठून एकटीच हिंडतेस! बस, आमच्या टेम्पोचं सांगते.

नव्वदनंतरची गोष्ट. तुझ्या काकांचा तीनचाकी टेम्पो होता. आम्हा कोळणींच्या मासळीच्या पाट्या घेऊन तो सकाळी विचुंबे, ओवे अशी गावं करत फिरायचा. पेट्रोलवर सरकारचा कर भारी, रेशनचं घासलेट स्वस्त. म्हणून टेम्पोवाले पेट्रोलात घासलेट मिसळायचे. आमचेही. मागे धूर असा, की आमचे डोळे चुरचुरायचे. आणि घासलेटचा डबा नेमका माझ्या पाटीला टेकलेला.

विचुंब्याला नव्या इमारतींत नोकरदारांची बिऱ्हाडं आली होती. त्यांच्यावरच माझा धंदा. एक दिवस तिथल्या एका बाईंनी बोंबील नाकाशी धरले आणि परत पाटीत टाकले.

"मावशी, घासलेटात धुतलेत का? तळायलाच नकोत, काडी ओढली की झालं!"

अख्खा जिना हसला. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावर एकही दार उघडलं नाही. दारोदार फिरून जोडलेली गिऱ्हाइकं, एका वासानं चालली!

घरी येऊन सांगितलं, "टेम्पोत डबा बसंल नायतर मी."

"अगो, सगलेच घालतात."

"मंग सगल्यांना न्या. मी नाय येत."

सकाळी पाटी डोक्यावर घेतली आणि चालू लागले. हे बाजूनं टेम्पो हाकत हॉर्न वाजवतायत, आतून बायका ओरडतायत, "बस गो, बस!" मी मान वळवली नाही. मग हळूहळू धुराला कंटाळून त्याच बायका उतरून माझ्याबरोबर चालू लागल्या. रिकामा टेम्पो किती दिवस फिरवणार? शेवटी जुना विकला, वर माझी भिशी घातली आणि कमी पेट्रोल खाणारा नव्या इंजिनाचा टेम्पो आणला. डबा घराबाहेर गेला.

दीर म्हणाले, "वयनी, सगल्यांनी असं कमी जाललं तर सरकारचा कर बुडंल. रस्ते कशातून करतील? दर वाढवतील, बघा."

"वाढवू द्या भावोजी. रस्ता वापरतंय, त्याचं देईन. कर वाचवायचा तर कमी जालून वाचवीन, लबाडी करून नाय."

पण काकांची वेगळीच तऱ्हा. पेट्रोल वाचतंय म्हणताना मित्रांना भरून कर्नाळ्याला चकरा सुरू! "ॲव्हरेज हाय ना!"

"वाचलेलं तिकडं जालताव, मंग धूर कमी कसा व्हनार?" म्हटलं आणि चावी कमरेला खोचली. मासळीची फेरी झाली की चावी माझ्याकडे. चिडले. चिडू देत.

आणि विचुंब्याच्या त्या बाईंच्या दारात मी मुद्दाम उभी राहिले. "घ्या वास!"

त्यांनी वाकून घेतला. "आज नुसते बोंबीलच येतायत हो."

"मग घ्या सगळे. आणि त्या दिवशी हसलात ना, तशाच मोठ्यानं आता जिन्याला सांगा."

सांगितलंन हो बाईनं! दारं उघडली. त्यांच्याकडे अजून माझीच सून मासळी देते.

निघालीस? जा. पण पुन्हा इतके महिने लावू नकोस. बोंबील ओले असतात तोवर ये, तुझ्यापुढ्यात तळते.