राजाची भाकरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पोरांना नाही, देवळात हात जोडून उभा राहिलो तेव्हा मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असता तर तोंड उघडलंच नसतं — माझी छाती तेवढीच.

माझं कोंबड्यांचं शेड आहे. कासुर्डीच्या अलीकडं, हायवेवरून आत वळलं की ओढ्याच्या कडेला. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, आपण सांभाळायची. वजन भरलं की कंपनीची गाडी येऊन उचलून नेते. ऐकायला सोपं वाटतं. पण रोज सकाळी शेडात शिरलं की पहिलं काम काय, माहिती आहे? मेलेल्या कोंबड्या वेचायच्या. उन्हाळ्यात तर बादल्याच्या बादल्या. पोट फुगलेलं, डोळे पांढरे, पायाला धरून उचललं की खालून पाणी गळायचं. सुपरवायझर प्रत्येक फेरीला सांगायचा — खड्डा काढा, चुना टाका, पुरत चला. मी हो हो म्हणायचो.

खड्डा कोण खणणार? सगळा मुरूम, पहार मारली तर ठिणगी उडते. मी आपली बादली उचलायची आणि शेडच्या मागं ओढ्यात पालथी करायची. सुरुवातीला एकच कुत्रं आलं, लंगडं. मग त्याच्या मागं सगळी टोळी. मला बरंच वाटलं — फुकटात साफसफाई होतेय, वाईट काय? हाडं कडाकडा फोडायची, आतडं दोघं दोन टोकांना धरून ओढायची, तोंडाला रक्तात भिजलेली पिसं चिकटलेली. आणि मी? मी तिथंच उभा राहून तंबाखू मळायचो. आता सांगायला लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती, हेही सांगायला पाहिजे.

बायको म्हणायची, "अवं, खड्डा काढा की. त्या कुत्र्यांची नजर बघा जरा." मी म्हणायचो, तुला कुत्र्याची नजर कधीपासनं कळायला लागली. ती आपल्या कामाला लागायची.

ओढ्याच्या पलीकडं हिराआक्का राहते. एकटी. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लेक इनामगावला दिलेली. आक्काचं सगळं पोट शेळ्यांवर — आणि शेळ्यांवर राखण राजाची. राजा तिचा कुत्रा. तांबडा, काटक, भुंकायला कमी. तव्यावरची पहिली भाकरी त्याची, ताकात कुस्करून, आक्का स्वतःच्या हातानं पुढ्यात ठेवायची. ओढा ओलांडून तो माझ्याकडं कधी आला नाही. त्याला वास येत नसेल? यायचाच. पण काठावर उभा राहून बघायचा आणि माघारी फिरायचा. हे मी रोज बघत होतो.

त्या वर्षी कंपनीनं कोंबड्या उचलल्या आणि नवी पिल्लं काही येईनात. शेड धुतलं, चुना मारला, रिकामं पडलं. बादलीत टाकायला काही नाही. कुत्री मात्र रोज ठरल्या वेळी यायची, ओढ्यात बसायची, माझ्याकडं बघायची. मी बादली घेऊन बाहेर आलो की उठून उभी राहायची — आणि बादलीत नुसतं पाणी. बघता बघता त्यांच्या फासळ्या दिसायला लागल्या. कच्च्या मांसाची चटक मी लावली आणि मग काखा वर केल्या. त्यांनी कुठं जायचं, याचा मी विचारसुद्धा केला नाही.

एके दिवशी हिराआक्का यवतच्या बाजाराला गेली होती. शेळ्या पाहुणा आलेल्या लेकीच्या दिराबरोबर रानात, करडं घरी जाळीत कोंडलेली, जाळीपाशी राजा. दुपारी ओरडणं ऐकू आलं. जिवावर बेतलं की करडू बाळासारखं ओरडतं. काठी घेऊन ओढा ओलांडला तर — माझीच कुत्री. माझी नाही तर कुणाची म्हणू? जाळी फाडून आत शिरली होती. एक करडू दोघांनी दोन टोकांना धरलं होतं, तसंच, त्या आतड्यासारखं. आणि मधे राजा एकटा, एकेकावर धावून जात होता. कान फाटलेला, मानेचं कातडं लोंबत होतं. मी दगड मारले तशी ती पळाली. कुठं? सरळ माझ्या शेडमागं.

माणसं जमली, तेवढ्यात आक्काही आली. कुणी म्हणालं बिबट्या. आमच्याकडं काही झालं की पहिलं त्याचंच नाव निघतं. पण जाळीपाशी माती ओली होती, पंजे कुत्र्याचे दिसत होते. मग कुणाची तरी नजर राजाकडं गेली. मेलेल्या करडांमधे उभा, तोंड रक्तानं माखलेलं. सगळे माझ्याकडं वळले — आप्पा, तुम्ही पहिले पोचला, काय बघितलं?

एका वाक्याचं तर काम होतं. पण शेडच्या वासाची कुरकुर गावात आधीच होती. हे कळलं तर शेड बंद पाडतील, एवढंच माझ्या डोक्यात. मी म्हणालो, "राजाच होता आत."

खोटं कुठं बोललो? होताच की तो आत. ही माझी हुशारी. थू असल्या हुशारीवर.

तेवढ्यावर तरी थांबावं? आक्का मातीत बसली होती, मांडीवर करडू. म्हणाली, "आप्पा, आता काय करू वो?" तिनं मलाच विचारलं. आणि मी तिला समजावलं — तोंडाला रक्त लागलेलं कुत्रं परत भाकरीवर येत नाही, आज करडं खाल्ली, उद्या कुणाच्या लेकराला धरील. चार माणसांत वडीलधाऱ्यानं बोलावं तसं बोललो. शेडातल्या उंदरांसाठी आणलेल्या औषधाची पुडीसुद्धा मीच जाऊन घेऊन आलो.

एक जण म्हणाला, द्या इकडं, मी घालतो. तर आक्का म्हणाली, "दुसऱ्याच्या हातचं खायाचा न्हाई त्यो. मलाच घालावं लागंल."

हे सगळ्यांनी ऐकलं. जे कुत्रं दुसऱ्याच्या हातची भाकरी खात नाही, ते घरची करडं खाईल? कुणाच्या डोक्यात शिरलं नाही. माझ्या शिरलं. मी मान खाली घालून पुडीचा दोरा सोडत होतो.

आक्कानं चूल पेटवली. भाकरी थापली, ताकात कुस्करली, स्वतःच्या हातानं त्याच्या पुढ्यात ठेवली. राजानं तिच्याकडं बघून शेपूट हलवली आणि सगळं चाटूनपुसून खाल्लं. पुढचं मी बघितलं नाही. घाईनं घरी आलो आणि ओढ्यातली हाडं-पिसं कुणाच्या नजरेला पडायच्या आत शेडमागं खड्डा खणायला घेतला. त्याच मुरमात. इतकी वर्षं जे होत नव्हतं ते त्या संध्याकाळच्या आत झालं. बायकोनं चहा आणून दिला, खड्ड्याकडं बघितलं आणि रिकामा कप घेऊन आत गेली.

नंतर पिल्लं आली, शेड चालू झालं. अजून चालू आहे. मला चिकनही चालतं. रविवारी रस्सा ओरपतो. मला वाटलं होतं, निदान अन्न तरी गोड लागणार नाही. लागतं.

मध्यंतरी थोरल्या पोराच्या कुत्रीला पिल्लं झाली. त्यातलं एक तांबडं उचललं आणि आक्काकडं घेऊन गेलो. का गेलो, मला विचारू नका. आक्का आता थकलीय, दोनच शेळ्या उरल्यात. तिनं पिल्लाला हात लावला नाही. चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "नगं आप्पा. त्यात राजाची चूक नव्हती. म्याच त्याला कवा पोटभर घातलं नसंल. उपाशी असल्याबिगर कशाला खाईल त्यो?"

पिल्लू माझ्या छातीशी चुळबुळत होतं. सगळं तोंडाशी आलं होतं.

"असंल आक्का," मी म्हणालो.