भरल्या ताटावरून

कुपवाडच्या रस्त्याला गोदाक्कांची खानावळ होती. तिथं भाकरी कुणाला कमी पडली नाही, आणि बोलणी तर कुणालाच नाहीत. ताटात टाकलं की बोलणी, हात न धुता बसलं की बोलणी, आमटीला नाव ठेवलं तर मग विचारूच नका. तरी कारखान्यांतली पोरं पाळी सुटली की दारात गाड्या लावून तिथंच शिरायची. कारण बोलून झालं की बाई वर आणखी एक भाकरी टाकायच्या.

गोदावरीबाई मूळच्या वाईच्या. लग्न होऊन सांगलीत आल्या, नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. रडत बसण्याचा स्वभाव नव्हता, म्हणून चूल पेटवली. खानावळीत त्यांचा एकच कायदा होता : माणूस एकदा ताटावर बसला की त्याचं जेवण होईपर्यंत त्याला कुणी उठवायचं नाही. मुकादम बोलवायला आला तरी त्याला ओट्यावर बसवून ठेवायच्या. म्हणायच्या, "उद्या यम आला तरी त्याला सांगेन, बस बाबा, ताक पी, याचं होऊ दे."

हा कायदा मोडला चौऱ्याण्णव साली, आणि मोडला पोलिसांनी.

मल्हार नावाचा एक पोरगा त्यांच्याकडे जेवायचा. कवठे महांकाळकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. वर्ष-दोन वर्षांत लेथवर असा हात बसला होता की मालक त्याला मिस्त्री म्हणू लागला होता. एका दुपारी भाकरीचा पहिला तुकडा त्यानं आमटीत बुडवला, तेवढ्यात जीप थांबली. कुणाची तरी मोटारसायकल चोरीला गेली होती, आणि कुणीतरी मल्हारचं नाव घेतलं होतं. इन्स्पेक्टर मानसिंगराव स्वतः आले होते. गोदाक्का उलथनं घेऊन आडव्या झाल्या. "जेवू दे त्याला. पळून कुठं जातोय? मी दारात बसते." मानसिंगरावांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. पोराला दंडाला धरून उष्ट्या हातानं जीपमध्ये घातलं.

मोटारसायकल सापडली. गाडीच्या मालकानंच ती मेहुण्याला दिली होती आणि विसरला होता. आता याला काय म्हणावं? मल्हारला सोडलं, पण तोवर त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मोडली होती.

इथवरची गोष्ट सांगलीत काय, कुठंही घडते. पुढची ऐका. लेथचा मालक म्हणाला, "ठाण्यात जाऊन आलेला माणूस मी ठेवत नाही. निर्दोष आहे म्हणून दाखला आण." मल्हार ठाण्यात गेला. तिथं म्हणाले, "तुला आणल्याची नोंदच नाही. जो आलाच नाही, त्याला सोडल्याचा दाखला कसा द्यायचा?" म्हणजे बोटं मोडायला पोरगा ठाण्यात होता आणि दाखल्यापुरता नव्हता! हे ऐकून गोदाक्कांनी हातातली परात अशी आपटली, की शेजारचा सायकलवाला धावत आला.

मग त्या स्वतः ठाण्यात गेल्या. "तुमच्या साहेबांवर तक्रार करायचीय. कुठं करू?"

हवालदार म्हणाला, "इथंच की."

"इथली तक्रार इथंच?"

"मग कुठं करणार, आक्का?"

वरच्या ऑफिसात अर्ज दिला. महिन्याभरानं तो चौकशीसाठी खाली आला. कुणाकडे? मानसिंगरावांकडे. त्यांनी चौकशी केली आणि मानसिंगराव निर्दोष असल्याचं वर कळवलं. गोदाक्का हसल्या. त्यांचं हसणं रागापेक्षा वाईट, हे खानावळीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

"मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची तर मांजरालाच विचारतायत," त्या सुमंत वकिलांना म्हणाल्या. सुमंत वकील एकटे राहायचे आणि त्यांच्याकडेच जेवायचे. "पोलिसांवरची तक्रार पोलिसांनी ऐकायची नाही. बाहेरच्या माणसांनी ऐकायची. एवढं साधं कळत नाही का कुणाला?"

वकील म्हणाले, "आक्का, अशी पद्धत आपल्याकडे नाही."

"नाही तर पाडा. वकील कशाला झालात?"

पुढचं दीड वर्ष बाईंनी वकिलांना जेवणाबरोबर हाच विषय वाढला. सह्या गोळा केल्या, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, 'तुम्हाला काय करायचंय आजी' हे वाक्य प्रत्येक टेबलावर ऐकलं. अखेर जिल्ह्याला एक तरुण कलेक्टर साहेब आले आणि त्यांनी मान डोलावली. शहरातल्या पाच नागरिकांची समिती. पोलिसांवरची तक्रार ती ऐकणार आणि थेट साहेबांना कळवणार. ज्याच्यावर तक्रार, तो अधिकारी बैठकीला हजर असेल तर त्यानं तिथंच सगळ्यांसमोर उत्तर द्यायचं. हजर नसेल तर लेखी द्यायचं, सवडीनं. सवडीनं म्हणजे कधीच नाही, हे वकिलांनी लगेच ओळखलं.

बैठक ठाण्यात घ्या, चहापाण्याची सोय आहे, असा निरोप आला. गोदाक्कांनी तो निरोप्यासकट परत पाठवला. बैठक खानावळीत.

आता अध्यक्ष हवा. वजनदार माणूस म्हणून हळदीचे व्यापारी नानासो यांना केलं, आणि तिथं माती खाल्ली. नानासो माणूस वाईट नव्हता. पण त्यांना सत्कार करण्याचं वेड. शाळेचं गॅदरिंग असो की बोअरला पाणी लागलेलं असो, शाल-श्रीफळ घेतल्याशिवाय त्यांचा पाय घराबाहेर पडत नसे. पहिल्या बैठकीची पत्रिकाच त्यांनी छापून आणली. त्यात लिहिलं होतं : प्रमुख पाहुणे, इन्स्पेक्टर मानसिंगराव. सत्कार आणि स्नेहभोजन.

गोदाक्कांनी ती वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

"नानासो, ज्याच्यावर पहिली तक्रार, त्याचाच सत्कार?"

"आवं आक्का, रीतभात म्हनून काय हाय का न्हाई? नवं काम काढायचं तर ठान्याच्या सायबाला बोलवाय नगं? उगं वाकडं कशाला घ्यायचं!"

"वाकडंच घ्यायला समिती काढलीय ना?"

"ते घेऊ की. आदी हार तरी घालू."

अशा माणसापुढं कपाळ बडवायचं की भिंत, हेच गोदाक्कांना कळेना. त्यात जेवण त्यांच्याच खानावळीत, त्यांनीच रांधलेलं. नाही म्हणावं तर दारात आलेला पाहुणा उपाशी जाणार, आणि ते त्यांच्या हातून होणं शक्य नव्हतं. रात्रभर त्या स्वतःवरच चिडत राहिल्या आणि सकाळी उठून पुरणाला डाळ घातली.

बैठकीला खानावळ भरली. मल्हार आला होता, बरोबर त्याची आई हरणाबाई. पोरगा तेव्हापासून पुन्हा मेंढरांमागं होता. बोटं वाकडीच राहिली होती. त्याला एवढंच हवं होतं की चार माणसांत कुणीतरी म्हणावं, याला नेला होता आणि यानं काही केलं नव्हतं. तेवढ्यावर मालक पुन्हा लेथवर घेणार होता. मोडक्या बोटांनी जमेल तसं तो करणार होता.

मानसिंगराव आले. त्यांना वाटलं, सत्कारच आहे. वाटणारच, पत्रिकेत तेच होतं. नानासोंनी माईक घेतला, पोलीस आणि जनता यांच्या नात्यावर बरंच बोलले, आणि मग त्यांना सुचलं ते जगात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. म्हणाले, "आता पाहुण्यांना हार घालतील आपल्या समितीचे पहिले तक्रारदार, मल्हार!"

सगळ्यांच्या माना मल्हारकडे वळल्या. नानासो मात्र कौतुकानं हार पुढं धरून उभे. मल्हारनं आईकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं. चार लोकांत पाहुण्याला हार घालायला नाही म्हणायचं, हे त्याच्या घरात कुणी शिकवलंच नव्हतं. तो उठला. वाकड्या बोटांत हार नीट धरता येईना, तेव्हा मानसिंगरावांनीच मान खाली केली. गोदाक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं ते रागानं, आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मग वकिलांनी विचारलं, "मल्हार, तुझी तक्रार सांग."

मल्हार खाली बघत म्हणाला, "काय न्हाई. आत्ताच हार घातलाय त्येन्ला. आता काय सांगायचं?"

"पहिल्याच बैठकीत एकही तक्रार नाही!" नानासोंनी टाळ्या वाजवल्या. "चला, पानं घ्या."

दीड वर्ष, त्या सगळ्या पायऱ्या, ती सगळी टेबलं, आणि शेवटी पुरणपोळी! गोदाक्का वाढत होत्या आणि वाढताना एक शब्द बोलत नव्हत्या. पोरं घाबरली, कारण असं कधी झालं नव्हतं. मानसिंगराव भिंतीकडेच्या टेबलावर बसले होते, जिथून मल्हारला उठवलं होतं बरोबर त्याच जागी. त्यांना आठवत नसेल. आक्कांना आठवत होतं. त्यांनी पोळीवर तूप घातलं.

तेवढ्यात हरणाबाई दारापाशी उभी राहिली. पदर खोचला.

"आवं वकीलसायेब, हार त्येनं घातला. म्या न्हाई घातला. माजी तक्रार घ्या."

वकील ताडकन उठले. त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की नानासोंच्या सत्कारानं जे केलं ते कुठल्या हुकमानं झालं नसतं : मानसिंगराव बैठकीला हजर होते. सवड संपली होती. "साहेब," ते म्हणाले, "नियमाप्रमाणं उत्तर आत्ताच द्यावं लागेल. उठा, इकडं खुर्चीत या."

मानसिंगरावांचा हात पोळीवरच थांबला. ते उठू लागले.

"बसा!" गोदाक्का ओरडल्या. "वकील, तुम्ही पण बसा. माझ्या खानावळीत भरल्या ताटावरून कुणाला उठवत नाहीत. त्यांचं होऊ दे. मग विचारा."

सगळे थांबले. मानसिंगराव जेवत होते आणि अख्खी खानावळ त्यांच्याकडे बघत होती. मध्येच त्यांची नजर समोरच्या भिंतीवर गेली, ओट्यावर गेली, मल्हारच्या हातावर येऊन थांबली. आता आठवलं असावं. हातातला घास त्यांनी पुन्हा ताटात ठेवला. गोदाक्कांनी पाण्याचा तांब्या पुढं सरकवला आणि शांतपणे म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या. घाई नाही."

मानसिंगरावांनी जेवण संपवून हात धुतले. खुर्चीत येऊन बसले. गळ्यात हार तसाच होता, काढायचं त्यांना सुचलं नाही.

हरणाबाईनं विचारलं, "माज्या पोराला हितनं न्हेला व्हता का न्हवता?"

खाल्ल्या मिठाला जागले म्हणा, की एवढ्या डोळ्यांना भ्याले म्हणा. ते म्हणाले, "नेला होता."

"त्येनं काय केलं व्हतं?"

"काही नाही."

वकिलांनी लिहून घेतलं. नानासो पुन्हा टाळ्या वाजवणार होते, त्यांना शेजाऱ्यानं कोपर मारलं. गोदाक्कांनी भिंतीकडचं ते टेबल पुसलं, नवीन ताट घेतलं, त्यात भाकरी आणि आमटी वाढली आणि मल्हारकडे बघून खेकसल्या, "बघत काय बसलायस? ये इकडं. तुझं जेवण राहिलंय."