दुसऱ्यांच्या पाण्याचा राखणदार

शेजारच्या बागेचं पाणी बंद करायची वेळ झाली की तो आधी हाक द्यायचा. "यम्मा, बांधू काय?" पाटाच्या तोंडाशी उकिडवा बसलेला, हातात चिंध्या गुंडाळलेला दगड, मान खजुरांच्या पलीकडच्या घराकडे वळलेली. आतून उत्तर आल्याशिवाय दगड खाली ठेवायचा नाही. घड्याळाप्रमाणे पाळी आपली झालेली असो, पाणी डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या गवतात जात असो, हा आपला बसलेला. मग आतून म्हातारीचा आवाज यायचा, "बांद!" रुस्ताकजवळच्या त्या खेड्यात सगळा जन्म काढलेल्या त्या ओमानी विधवेला मराठीतला एवढा एकच शब्द येत होता. तो ह्यानेच शिकवलेला.

हा मूळचा रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. त्याच्या गावचे लोक आखातात जाऊन दुकानदार झाले, ड्रायव्हर झाले. हा एका अर्बाबाच्या, म्हणजे मालकाच्या, खजुरीच्या बागेत कामाला लागला आणि तिथेच मुरला. मी त्याला चाचा म्हणायचो, तो मला इंजिनेर. नव्वदच्या दशकात आमच्या कंपनीकडे त्या भागातल्या रस्त्याचं काम होतं. बायको आणि मुलं मस्कतला अल् घुब्राच्या फ्लॅटमध्ये, मी आठवडाभर साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत. कामाच्या जागी दिवसभर हिंदी नाहीतर इंग्रजी, घरी फोन केला तर मुलं इंग्रजीत बोलणार. मराठी ऐकायची म्हणून मी संध्याकाळी त्या बागेत जाऊन बसू लागलो.

आमची पहिली भेट मात्र भांडणातच झाली. रस्ता गावच्या पाटावरून जाणार होता. मी मशीन लावून पाट अडवायला सांगितला, तर हा मशीनच्या पुढ्यात येऊन उभा.

"आज नाय. आज पाली चालू हाय."

"अरे, कोणाची पाळी? तुझ्या अर्बाबाची? त्याच्याशी मी बोलतो."

"आपली नाय. आपली परवा."

म्हणजे दुसऱ्याच्या पाण्यासाठी हा माझ्या मशीनसमोर उभा होता. मी मनात म्हटलं, हा एक तर येडा आहे नाहीतर महाबिलंदर. असा माणूस तुम्हालाही कुठेतरी भेटला असेल, तेव्हा तुम्हीही दुसरं काही म्हटलं नसेल. शेवटी मशिदीत जाऊन गावच्या जाणत्यांना विचारून, पाळी नसलेल्या वेळात आम्ही पाटासाठी रस्त्याखालून पाइप टाकला.

त्या पाटाला तिकडे फलज म्हणतात. डोंगराच्या पोटातून जमिनीखालून आणलेलं पाणी गावाच्या डोक्याशी उघड्यावर येतं, आधी पिण्याच्या जागेवरून, मग मशिदीवरून, मग बागांमधून फिरतं. मालकी गावाची. कोणत्या बागेला कधी आणि किती वेळ हे वाडवडिलांपासून ठरलेलं. गाळ सगळ्यांनी काढायचा, फुटलं तर सगळ्यांनी बांधायचं. चाचाला ह्यातलं काही शिकवावं लागलं नव्हतं. त्याच्या गावीही दर हिवाळ्यात वाडीचे लोक वहाळाला बांध घालून पाट काढायचे आणि पाळीने पाणी लावायचे. ह्या ओमानी गावात ज्यांचे मुलगे मस्कतला नोकरीला गेले, त्या म्हाताऱ्यांच्या पाळ्या बघायचं काम हळूहळू ह्याच्याकडे आलं. त्याचं घड्याळसुद्धा गावच्या जुन्या वेळेवर चालायचं, सूर्य बुडाला की बारा. मी वेळ विचारली की हमखास घोळ. "तुझा घड्याळ ऑफिसचा," तो म्हणायचा, "माझा पान्याचा."

एकदा पिण्याच्या जागेशी आम्ही उभे होतो. एक गुराखी, मग दोन बंगाली मजूर, मग मोठ्या गाडीतून उतरलेला कोणी शहरी ओमानी, सगळे ओणवे होऊन ओंजळीने प्याले. मला तहान लागली होती तरी मी थांबलो होतो. ही सवय माझी नाही, आजोबांची. ती अशी अधूनमधून अंगात येते. आमच्या गावच्या विहिरीवर त्यांना वरून कोणी पाणी ओतेल तेव्हाच ओंजळ धरायची परवानगी होती.

"पी की," चाचा म्हणाला.

मी प्यालो आणि तोंड पुसून विचारलं, "तुमच्या गावच्या पाटावर आमच्या लोकांची पाळी होती का हो?"

तो खोटं बोलला असता तर मला त्या दिवशी चाललं असतं.

"नाय," तो म्हणाला. "शेवटच्या शेतातून खाली जायचा तो बौद्धवाडीचा."

"म्हणजे उरलेलं."

"उरला तर."

ह्या उत्तरानंतर आमची खरी दोस्ती झाली. गावाचं, सगळ्यांचं, समाजाचं असं कोणी गोड तोंडाने म्हणालं की माझ्या कपाळावर आठी येते. त्या सगळ्यांत आम्ही धरलेले नसतो हे मला पाळण्यातच कळलेलं. चाचाने ते झाकलं नाही, आणि मी त्याला त्याबद्दल पुन्हा टोचलं नाही.

मग म्हातारा अर्बाब वारला. थोरला मुलगा मस्कतहून आला आणि त्याने बागेच्या वरच्या कोपऱ्यात बोअर मारली. फलजच्या उगमाच्या अंगाला बोअर मारायची नाही हा गावचा रिवाज, पण त्याला पाळीची वाट बघायची नव्हती. डिझेलचा पंप दिवसभर धडधडायला लागला. त्यांची बाग हिरवीगार झाली. खालच्या बागांत पाणी पोचेना. विधवेच्या लिंबाची पानं पिवळी पडली. तिची पाळी अजून तितक्याच वेळाची होती, पण पाटात पाणी पोटरीवरून घोट्यावर आलं होतं. चाचा तरीही तिच्या दारी हाक द्यायचा आणि उत्तराला थांबायचा. मालकाच्या बागेला आता पाळीची गरजच उरली नव्हती, तरी हा तिचं पाणी शेवटच्या धारेपर्यंत सांभाळत बसायचा. मला हसू यायचं, तरी मी त्याच्याशेजारी बसून राहायचो.

गावाने मशिदीच्या अंगणात बैठक घेतली. थोरला मुलगा म्हणाला, पंप कधीमधी चालतो, बोअर उथळ आहे, पाऊस कमी झालाय त्याला मी काय करू. मग जाणत्यांनी चाचाला बोलावलं. पंप चालवणारा तोच होता. मी त्याला आदल्या दिवशी बजावलं होतं, "चाचा, तुझा व्हिसा त्याच्या हातात आहे. येत नाही, कळत नाही म्हण. अरबी समजली नाही म्हण." त्याने मान डोलावली होती. आणि बैठकीत उभं राहून त्याने बोअर किती खोल आहे, पंप किती वेळ चालतो, सगळं सांगितलं. गावात एरवी कोणी ऐकलं नसेल इतक्या चांगल्या अरबीत.

थोरला मुलगा एवढंच म्हणाला, "खलास."

त्या अंगणातला एक माणूस ह्याच्या बाजूने उठला असता तर मी आज हे लिहिताना दात खात बसलो नसतो. ज्यांच्या पाळ्या ह्याने वर्षानुवर्षं राखल्या ते दाढी कुरवाळत बसून राहिले. परदेशी मजूर, त्याची फलजमध्ये पाळी कुठली आणि बोलायचा हक्क कुठला! त्याची साक्ष तेवढी चालली. थोरल्याला पंप बंद करायला कोणी लावलं नाही. उलट वर्षभरात त्या जाणत्यांपैकी बऱ्याच जणांनी स्वतःच्या बोअरी मारल्या. नंतर मी तिकडून जायचो तेव्हा फलजच्या कोरड्या पाटात प्लास्टिकच्या पिशव्या दिसायच्या.

व्हिसा रद्द झाल्यावर विमानतळावर मीच त्याला सोडलं. वाटेत मी थोरल्याला शिव्या घालत होतो. चाचा खिडकीबाहेर बघत होता. रुसैलचे कारखाने मागे पडल्यावर तो म्हणाला, "इंजिनेर, त्याला शिव्या नको देऊ. माझ्या घरी पन पंप हाय."

मग एकेक बाहेर आलं. बायकोला पाळी सांभाळायला चिखलात उतरावं लागतं म्हणून वाडीतला पहिला पंप ह्यानेच बसवून घेतला होता. इथून हौसेने पैसे पाठवून. वहाळातलं पाणी सरळ अंगणात. हे बघून दुसऱ्याने बसवला, मग तिसऱ्याने. ज्याच्याकडे पंप तो बांध घालायला कशाला येईल? ह्याची रजा नेहमी पावसाळ्यात, तेव्हा वहाळ दुथडी भरलेला. पाट कधीच बंद पडलाय हे त्याला फोनवर आत्ता, परत यायचं ठरल्यावर, बायकोकडून कळलं होतं.

"इथे मी लोकांच्या पाल्या राखीत बसलो," तो म्हणाला.

दोनेक वर्षांनी मी हिवाळ्यात रजेवर आलो होतो, तेव्हा त्याच्या गावी गेलो. त्याने स्वतःचा पंप उपटून पडवीत टाकला होता आणि त्यावरून घरात अबोला चालू होता. बायको डोक्यावरून पाणी आणत होती आणि माझ्यादेखत त्याला म्हणाली, "ओमानात राहिलात तोच बरा होता." हा दारोदार जाऊन बांध घालायला चला म्हणत होता. लोक चहा द्यायचे आणि विषय बदलायचे. तो बौद्धवाडीतही जाऊन आला होता, पहिली पाळी तुमची म्हणाला होता. तिथल्या एका म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "पाणी होतं तेव्हा पाळी नव्हती. आता पाणी नाही तर पाळी द्यायला आलात?"

"बरोबर बोलला तो," चाचा मला म्हणाला. मलाही ते बरोबरच वाटलं, आणि तरीही मी पँट दुमडून त्याच्याबरोबर वहाळात उतरलो.

दुपारपर्यंत आम्ही दोघांनी दगड रचले, फटीत पाला आणि माती कोंबली. गुडघाभर उंचीचा वेडावाकडा बांध झाला. त्यामागे पाणी साचायला लागलं. तेवढ्यात वरून एक शेजारी उतरताना दिसला. चाचाचा चेहरा इतका उजळला की मला त्याच्याकडे बघवेना. "ये, ये रे बाबा," म्हणत त्याने सरकून जागा केली.

शेजाऱ्याने बांध नीट निरखला. मग खालच्या उथळ पाण्यातली आपल्या पंपाची नळी उचलली, आमच्या साचलेल्या पाण्यात सोडली, हलू नये म्हणून तिच्यावर आमच्याच बांधातला एक दगड ठेवला आणि चढण चढून गेला. थोड्या वेळाने वर पंप सुरू झाला.