गप बसलीया, तिला आधी बघा

अक्का गेल्या हे कळलं तेव्हा मी एका पेशंटच्या गुडघ्याला टाके घालत होते. फोन घेतलेल्या सिस्टरनं दारातूनच सांगितलं आणि तिथंच रडायला लागली. मला डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. राहिलेले चार टाके पुरे केले, मगच उठले. मधेच उठले असते तर अक्कांनी वरूनसुद्धा माझी खरडपट्टी काढली असती! निवृत्तीनंतर कागलजवळच्या मळ्यात मजेत राहिल्या, दुपारचं जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत. रडू आलं, पण मनात कुठं बोच नव्हती.

हायवेजवळच्या आमच्या दवाखान्यात अक्का अपघात विभागाच्या मुख्य सिस्टर. वडिलांचं गुळाचं दुकान. लहानपणी ढेप बघून वजन सांगायची लागलेली सवय त्यांनी पुढं पोरांवर चालवली. लहान मुलांना औषध वजनावर द्यायचं असतं, आणि अपघातातल्या पोराला काट्यावर उभं कोण करणार? अक्का नुसत्या नजर टाकायच्या, "सोळा किलो."

मी नवीन डॉक्टर होते, जेमतेम दोन महिने झालेले, तेव्हाची गोष्ट. पन्हाळ्याच्या रस्त्यावर वडापची, सीटवर भाडं घेऊन माणसं कोंबणारी जीप उलटली. जखमी सात आणि बरोबरचे नातेवाईक तीस! एक जण कपाळातून भळाभळा रक्त गाळत छप्पर उडेल असा ओरडत होता. मी धावले त्याच्याकडं. अक्कांनी माझं कोपर धरलं. "बोंबलतोय म्हंजे श्वास हाय त्याचा. दाबून धरंल कोणतरी. ती बाकावर गप बसलीया, तिला आधी बघा." आठ वर्षांची मुलगी, अंगावर ओरखडासुद्धा नाही. तिचा मामा, तरतरी यावी म्हणून, बशीतनं चहा पाजायच्या बेतात. अक्का गरजल्या, "पावणं, ठेवा ती बशी! पोटात काय झालंय ठावं हाय का?" पोरीला बाकावरच आडवं केलं, मान हलू नये म्हणून एका सिस्टरला डोक्याशी उभं केलं. मी प्रेशर बघितलं आणि ऐटीत म्हणाले, "प्रेशर चांगलं आहे, अक्का. हिला काही झालेलं नाही." मी वळलेसुद्धा...

"लहान पोरांचं प्रेशर शेवटपर्यंत टिकतंय, बाई. मग एकदम कोसळतंय. हात धरा तिचा." धरला. गारठलेला. नख दाबून सोडलं तर लाली परत येईना. नाडी मोजता येऊ नये इतकी पळत होती. पोटात आत रक्तस्राव चालला होता, आणि मी तिला बाकावरच सोडून निघाले होते! "एकवीस किलो," अक्का म्हणाल्या. ऑक्सिजन, सलाईन, रक्त, सगळं त्या आकड्यावर सुरू केलं आणि सर्जनना बोलावलं. प्लीहा फाटली होती. पोरगी वाचली. पुढं काट्यावर साडेएकवीस भरली, तर अक्का फुरंगटल्या, "अर्धा किलो तुमच्या सलाईनचा."

त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की डबा उघडवेना. अक्कांनी स्वतःची भाकरी मोडून पुढ्यात ठेवली. "खावा. चुकलंय ते ध्येनात ठेवा, उपाशी ऱ्हाऊन काय हुतंय?" मोठ्या डॉक्टरांना त्यांनी ते कधीच सांगितलं नाही, मलाही परत ऐकवलं नाही. मी जी काही डॉक्टर झाले ती त्या भाकरीवर झाले, असं मला खरंच वाटतं.

गेल्या आठवड्यात मोटरसायकलवरून पडलेलं एक कुटुंब आलं. बाप जिवाच्या आकांतानं ओरडत होता. या वर्षीच लागलेली जयसिंगपूरची एक सिस्टर त्याला ओलांडून थेट आईच्या मांडीवरच्या गप्प पोराकडं गेली आणि त्याचं नख दाबून बघायला लागली. मी विचारलं, "कुणी शिकवलं गं तुला हे?"

"शिकवायचं काय त्यात, मॅडम? हितं समदी असंच करत्यात की."

अक्कांचं नाव सांगायला मी तोंड उघडलं... पण तिला कुठं सवड होती! "हात गरम हायत पोराचं," ती म्हणाली, "चला, आता त्या बोंबलणाऱ्याला बघू."