बंद वॉर्डातल्या डॉक्टरबाई

डॉक्टरबाई वॉर्डात शिरताना किल्ल्यांचा जुडगा रुमालात गुंडाळून घट्ट धरायच्या. बोईसरजवळच्या आमच्या मनोरुग्णालयात कोर्टाच्या हुकमानं आलेली माणसं कुलपाआड असत आणि किल्ल्या खणखणवत फिरणं हा आम्हा कर्मचाऱ्यांचा रुबाब होता. नव्वदच्या सुमाराला मी तिथं नर्स होते. बाईंच्या रुमालाला आम्ही पाठीमागं हसायचो.

तो रुमाल दामूसाठी होता. दामू सातपाटीचा, तिशीतला, धिप्पाड, बोलत नसे. मासळीबाजाराच्या गोंगाटात त्यानं एकाला ढकललं, तो माणूस जबर जखमी झाला आणि दामू आमच्याकडे आला. सगळे त्याला वेडा म्हणत. बाईंनी आम्हाला व्हरांड्यात बसवून सांगितलं की हे वेड नव्हे, जन्मापासूनची स्वमग्नता आहे. मोठा आवाज, अचानक झालेला स्पर्श त्याला सोसत नाही. मग दर शनिवारी त्या आम्हाला शिकवू लागल्या. जुना वॉर्डबॉय हरिश्चंद्र मागं बसून पुटपुटायचा, "ह्याला दोर पायजे, शिकवणी नाय."

अधीक्षकांना ही शिकवणी पसंत नव्हती. दामूनं पुन्हा हात उचलला तर त्याला कायमचं एकट्याच्या कोठडीत टाकणार, असं त्यांनी बाईंना बजावलं होतं.

एका दुपारी कारखान्याचा भोंगा वाजू लागला आणि थांबेचना. दामू भिंतीवर डोकं आपटू लागला. हरिश्चंद्रानं त्याला मागून कवळलं, तसा दामू गर्रकन वळला आणि त्यानं हरिश्चंद्राचा गळा धरून त्याला भिंतीशी दाबलं. दोघेजण दोर घेऊन धावले. मी गुंगीच्या औषधाची सुई भरली. तेवढ्यात बाई दारात आल्या.

"दोर खाली ठेवा," त्या हळूच म्हणाल्या. "हरिश्चंद्र, धडपडू नका. त्याच्या डोळ्यांत बघू नका."

त्यांनी मला खुणेनं खिडक्या लावायला सांगितलं आणि स्वतः दामूपासून लांब जमिनीवर बसल्या. हरिश्चंद्राचा चेहरा काळानिळा पडत होता. मी सुई खाली ठेवून एकेक खिडकी लावत गेले. बाईंच्या कपाळावर घाम होता, पण त्या हलल्या नाहीत. खिडक्या लागल्या, भोंगा दबला आणि दामूची बोटं एकेक करून सुटली.

अधीक्षकांनी चौकशी लावली. गळ्यावर वळ घेऊन हरिश्चंद्र उभा राहिला आणि म्हणाला, "मीच मागून धरला त्याला, सायेब. त्याची चूक नाय."

कोठडी टळली. पुढं बाईंनी कोर्टात खेटे घालून दामूला घरी सोडवलं. न्यायला आलेल्या त्याच्या आईनं विचारलं, "बाय, माजं काय चुकलं?" बाई म्हणाल्या, "काही नाही. त्याला जे सोसत नाही ते आधी दूर करा, मग माया करा."

काही वर्षांनी बाई गेल्या. मी सातपाटीला सांगायला गेले. दामू दोरीवर बोंबील वाळत घालत होता. मी लांबूनच, हळू आवाजात सांगितलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. पण हातातला बोंबील तसाच धरून तो ऊन उतरेपर्यंत उभा राहिला, आणि त्याच्या आईनं त्याला हाक मारली नाही.