पळवाटांची यादी टाइप करणारी बाई

रत्नमालाबाई गेल्याचं मला वकिलांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कळलं. जोडलेले दोन हात, एक समई आणि खाली आमच्या सरांचा मजकूर : ‘आमच्या कार्यालयाचा कणा, निष्ठेचा आदर्श हरपला.’ मी तो दोनदा वाचला. ज्या माणसानं आपल्या जावयाकरवी या बाईला भर कोर्टात बेइमान ठरवायचा प्रयत्न केला, तोच आता तिच्या निष्ठेला प्रशस्तिपत्र देत होता! खाली एकामागून एक सगळ्या वकिलांनी हात जोडले. मीही जोडले... त्याला पाच आठवडे झाले, पण ते हात अजून माझा पिच्छा सोडत नाहीत, म्हणून हे लिहितो आहे.

सर बीडमधले नावाजलेले दिवाणी वकील. मी त्यांचा ज्युनिअर आणि रत्नमाला गायसमुद्रे त्यांच्या टायपिस्ट. बाई केजहून रोज सकाळच्या एसटीनं यायच्या आणि आल्या आल्या खुर्ची पुसून कामाला लागायच्या. सर मजकूर सांगताना वाक्य सुरू करायचे आणि मध्येच वाट चुकायचे. बाई ते वाक्य मुकाट्यानं सरळ करायच्या. मग सर कोर्टात तेच वाचून दाखवायचे आणि परत आल्यावर म्हणायचे, “काय लिहिलंय मी आज!” बाई चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहून फक्त “हूं” म्हणायच्या. त्या एका हुंकारात सरांची सगळी पुस्तकं, फ्रेममधल्या पदव्या आणि फिरती खुर्ची मावायची. सरांना मात्र ती दाद वाटे.

तेलगावचा दिगंबर ऑफिसात आला तो एक पेटी घेऊन. पॉलिटेक्निक शिकलेला, घरचा ऊस. जमिनीतली ओल मोजायची, वीज किती वेळ राहील याचा अंदाज घ्यायचा आणि ठिबकचं पाणी कुठल्या भागाला किती सोडायचं ते आपणच ठरवायचं, असं त्या पेटीचं काम होतं. पेटंटचा अर्ज पुण्याच्या एका एजंटमार्फत करायचा ठरलं. मजकूर मात्र सर तयार करणार होते. सरांनी त्याला विचारलं, “समज, कुणाला तरी पकडलं न जाता तुझ्या पेटीची नक्कल करायचीय. तो काय काय बदल करील? सगळं सांग. वकिलापासून लपवायचं नसतं.” दिगंबरनं सगळं सांगितलं. दोन दिवस तो बाईंच्या टेबलाशी स्टूल घेऊन बसला होता. पळवाटांची यादी चांगली सात पानं झाली. वापसा म्हणजे काय हे सांगताना तो म्हणाला, “मातीचा घास ओला पायजे, पण मुळीला गिळता आला पायजे.” बाई थांबल्या. “आसंच लिहू का?” तो हसला. “लिहा बाई. दुसरं कसं सांगू?” यादीतल्या बऱ्याच वाटा सरांनी अर्जात बुजवल्या, काही राहून गेल्या. पेटंट मिळालं तेव्हा दिगंबरनं पेढे आणले, आणि सरांनी जणू पेटी आपणच बनवली अशा थाटात ते वाटले.

काही वर्षांनी एका मोठ्या कंपनीची तशीच पेटी बाजारात आली. दिगंबर धावत सरांकडे आला. सरांनी त्याचे कागद ठेवून घेतले, तीन महिने “बघू” म्हणत घोळवलं आणि शेवटी वेळ नाही म्हणून परत केले. त्यानं दुसरा वकील करून बीडच्या कोर्टात दावा लावला. त्यानंतर आठच दिवसांत कंपनीचे कागद आमच्या ऑफिसात आले! वकीलपत्रावर सही सरांच्या जावयाची. डोकं, खुर्ची आणि लोभ सरांचा.

दाव्याला कंपनीचं उत्तर म्हणून द्यायची कैफियत सर स्वतः सांगत होते. दावा कसा फोल आहे, कंपनीची पेटी कशी वेगळी आहे... चौथ्या पानावर बाईंचे हात थांबले.

“सर, ह्ये दिगंबरचं हाय.”

“काय दिगंबरचं?”

“ह्या वाटा. त्यानंच सांगितल्या व्हत्या, हितं बसून. घासाचं वाक्यसुदिक त्याचंच हाय.”

सर हसले. “बाई, ते काम पेटंटचं होतं, हे दाव्याचं. दोन वेगळी कामं. कायदा तुम्ही शिकवणार का मला? टाइप करा.”

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती सात पानं मीच तपासून फाइलला लावली होती. मी समोरच्या फाइलची दोरी सोडली आणि पुन्हा बांधली. बाईंनी चष्मा घडी करून पर्समध्ये ठेवला आणि उठून गेल्या. त्या पुन्हा त्या ऑफिसात आल्या नाहीत.

त्यांनी दिगंबरला गाठलं, शपथपत्र दिलं. सरांच्या जावयाला या दाव्यातून दूर करा असा अर्ज झाला आणि बाई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. उलटतपासात जावयानं आवाज चढवून विचारलं, “ऑफिसची गुपितं बाहेर फोडताना लाज वाटली नाही?” बाई म्हणाल्या, “गुपित ऑफिसचं नव्हतं. दिगंबरचं व्हतं. ज्याचं त्याला परत दिलं.” कोर्टात कुणीतरी खोकलं. मी मागच्या बाकावर होतो. मला कुणी साक्षीला बोलावलं नव्हतं आणि मीही कुणाला सुचवलं नाही.

त्या अर्जावरच्या निकालाच्या आदल्या दिवशी जावयानं ‘वैयक्तिक कारणास्तव’ वकीलपत्र मागे घेतलं. दिगंबरच्या यादीतला मजकूर काढून कंपनीनं नवी कैफियत द्यायचा आदेश झाला. पुढे कंपनीनं पेटंटच रद्द करा अशी मागणी केली, म्हणून प्रकरण हायकोर्टात गेलं. ते अजून चालू आहे, पण पेटंट आज तरी शाबूत आहे. दिगंबरनं सरांविरुद्ध केलेली तक्रार वकील परिषदेच्या शिस्तपालन समितीपुढे धूळ खात पडली आहे. मधल्या काळात त्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर ‘वकिली आणि नीतिमूल्ये’ या विषयावर व्याख्यान दिलं. पुढच्या रांगेतले सगळे वकील टाळ्या वाजवत होते. बाईंना मात्र बीडमधल्या एकाही वकिलानं पुन्हा कागद दिला नाही. त्या केजला तहसीलसमोर टेबल टाकून अर्ज टाइप करत राहिल्या, शेवटपर्यंत.

मागच्या महिन्यात मी केजला त्यांच्या घरी गेलो. मुलीनं, प्रज्ञानं, चहा केला. मी सरांबद्दल तावातावानं बोलत होतो. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, “आई सरांचं नावबी काढायची न्हाई. म्हणायची, त्यो तसाच हाय, त्याचं काय घिऊन बसायचं? पण तितं एक तरणा वकील व्हता. त्यानं ती पानं वाचली व्हती. त्याचा लई राग यायचा तिला...” ती थांबली. “तुमीच ना ते?”

“हो.”

“चहा घ्या. थंड व्हतोय.”

त्या रविवारी मी शिस्तपालन समितीसाठी शपथपत्र लिहिलं. सात पानं कुणी सांगितली, कुणी टाइप केली, कुणी तपासली आणि ती कुणाच्या कामी आली, सगळं. नोटरी माझा वर्गमित्र. वाचता वाचता त्यानं उठून दार लोटलं.

“आता कशाला रे? बाई तर गेली.”

मी त्याचा शिक्का उचलला आणि त्याच्या हातात दिला.